मोहरीची उशी

पिशोरहून आतेभावाचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यात रिक्षात होते. "ताई, आई गेली... चहा पिऊन बसली होती, तशीच," तो म्हणाला. मी रिक्षा घराकडे वळवायला सांगितली, दादाला कळवलं, वहिनीला कळवलं. पण त्या सगळ्याच्या आधी, एका क्षणात, माझ्या मनात जे आलं ते दुःख नव्हतं. आता ती गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही, असं आलं. आणि त्यात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. या गोष्टीला दीड महिना झाला. आत्याच्या आठवणीत मला तो क्षणही धरावा लागतो, कारण ती गोष्ट तिच्याबद्दलचीच आहे.

दोन वर्षांपूर्वी वहिनीची डिलिव्हरी झाली, ओवी झाली. वहिनीला आई नाही, आमचीही नाही, म्हणून आत्या शेत आतेभावावर सोपवून छावणीतल्या आमच्या घरी आली आणि सहा महिने राहिली. येताना जुन्या सुती साड्या आणि पिशवीभर मोहरी घेऊन आली. आल्या दिवशीच तिनं बाळासाठी मोहरीची उशी शिवली. त्यानं डोकं गोल होतं, म्हणाली. रोज सकाळी पाय पसरून बसायची, ओवीला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची आणि गावातल्या लोकांच्या खोड्या तिला मोठ्या माणसाला सांगाव्यात तशा सांगायची. मी कमी बोलते, यावर तिचं ठरलेलं होतं. "हिला आधी चार्जिंगला लावा, मंग बोलंल." सगळे हसायचे. पण माझ्या खोलीत येऊन काहीही न बोलता शेजारी बसणारीही तीच होती.

ओवी सव्वा महिन्याची असताना एका दुपारी आत्या तिला घेऊन माझ्या खोलीत आली. माझी ऑफिसची मीटिंग चालू होती. तिनं माझ्या कानावरचा हेडफोन उचलला. "हात लाव इथं," म्हणाली आणि माझं बोट ओवीच्या मानेच्या उजव्या बाजूला टेकवलं. आत छोट्या बोराएवढी गाठ होती. मी हात काढून घेतला. "सारखी डावीकडंच बघती. उजवीकडं मान वळवायला गेलं की रडती. तुझ्या त्या कॉम्प्युटरमधी बघ बरं, काय असतंय. सूनबाईला आत्ताच नको सांगू, पोरगी घाबरंल."

मी शोधलं. एक पान सापडलं, बहुधा चांगलंच होतं. जन्माच्या वेळी मानेचा स्नायू ताणला गेला तर अशी गाठ येऊ शकते आणि ती बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप विरते, एवढं मी वाचलं. पुढे लांबलचक वैद्यकीय शब्द होते. ते मला कळले नाहीत. आणि कळले नाहीत हे आत्यासमोर कबूल करायची लाज वाटली, कारण घरातली इंग्रजीवाली मी. औषधाच्या चिठ्ठ्या, विम्याचे कागद, सगळं माझ्याकडे यायचं. मी म्हटलं, "आपोआप जातं आत्या. थांबायचं."

"नक्की?"

"लिहिलंय ना इथं."

तिचा चेहरा एकदम सैल झाला. पुढे वहिनीच्याही लक्षात आलं, की बाळ एकाच बाजूला बघतं. लस द्यायला जाताना तिनं विचारलं, "आत्याबाई, डॉक्टरांना दाखवू का?" आत्या म्हणाली, "थांब, जाईल आपोआप." मी तिथेच चप्पल घालत होते.

पाचव्या महिन्यात ओवीचं डोकं मागून डावीकडे चपटं दिसायला लागलं, तेव्हा दादा सगळ्यांना घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरबाईंनी मान हळूच वळवून पाहिली. गाठ विरली होती, स्नायू आखडलेलाच होता. त्या म्हणाल्या, व्यायाम पहिल्या दीड-दोन महिन्यांतच सुरू करायला हवे होते. होईल बरी, पण आता जास्त वेळ लागेल. ती उशी आजच बंद करा. "थांबायला कुणी सांगितलं होतं?"

वहिनीनं आत्याकडे पाहिलं. मी फाइल घेऊन उभी होते. बोलायला मला एक श्वास पुरला असता...

"मीच म्हणलं," आत्या म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

घरी आल्यावर मी तेच पान पुन्हा उघडलं. मी जिथे थांबले होते त्याच्या बोटभर खाली, साध्या इंग्रजीत लिहिलं होतं, की गाठ गेली तरी मान आखडू शकते. वाट पाहू नका, बाळाला लवकर डॉक्टरांना दाखवा.

संध्याकाळी आत्या स्वयंपाकघरात उशी उसवत होती. मोहरी ताटात सांडत होती. मी म्हटलं, "आत्या, मी सांगते वहिनीला." ती म्हणाली, "आत्ता नको. बाळंतीण हाय, तापलेली हाय. तुला तर हितंच राहायचंय तिच्यासंगं. सांगशील तवा सांग, मला काय घाई नाय." मग हिंगाची जुनी डबी पुढे करून म्हणाली, "ह्याला सेलोटेप लाव जरा." तिनं डबीत मूठभर मोहरी भरली होती. दवाखान्यातल्या फिजिओथेरपीवाल्या ताईंनी सांगितलं होतं, बाळाच्या उजव्या बाजूनं आवाज करा, म्हणजे ते मान वळवेल. आत्या महिनाभर ओवीच्या उजव्या कानाशी बसून ती डबी वाजवत राहिली.

मी सांगितलं नाही. "आत्याचा सल्ला नको बाबा, आधी डॉक्टर," असं दादा प्रत्येक सणाला म्हणायचा आणि आत्या सगळ्यांबरोबर हसायची. तेराव्याला वहिनी रडत म्हणाली, "फार केलं हो माझ्यासाठी आत्याबाईंनी. ते मानेचं तेवढं..." मी ताटं उचलायला घेतली.

इथपर्यंत लिहून काल वहिनीला वाचायला दिलं. तिनं शेवटपर्यंत वाचलं, कागद टेबलावर ठेवले आणि कपडे वाळत घालायला गेली. अजून आम्ही बोललेलो नाही.

ओवी आता पळते. दमली की मान किंचित उजवीकडे कलते. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही, मला दिसते. डबी तिनं कुणाला फेकू दिलेली नाही. हाताला हिंगाचा वास येतो, तरी घेऊन फिरते. आज सकाळी मी टेबलाशी बसले होते. ती मागून आली, माझ्या उजव्या कानाशी डबी वाजवली आणि थांबली. मी वळले नाही, तर तिनं पुन्हा वाजवली. मी मान वळवीपर्यंत ती तिथून हलली नाही.