शिवण बोचते का?

आमचे हे एकतीस वर्षं बस डेपोत सीटा शिवत होते. बस चालवत नव्हते, तिकिटं फाडत नव्हते, सीटा शिवत होते. फाटलेलं रेक्झिन उसवायचं, बसलेला फोम बदलायचा, नवी खोळ चढवायची आणि ती चारी बाजूंनी अशी बंद करायची की टाका शोधून दाखवा. अख्ख्या शहराची बुडं ह्यांनी सांभाळली असं मी म्हणते, तेव्हा लेक म्हणते, आई, चारचौघांत नको गं. का नको? खोटं आहे का?

ह्यांच्याबरोबर बसने जाणं म्हणजे डोक्याला ताप. आधी सीट दाबून बघणार, मग शेजारच्या अनोळखी माणसाला विचारणार, "शिवण बोचते का?" एकदा एक बाई ताडकन उठून पुढे जाऊन बसल्या. मी आपली खिडकीबाहेर बघत राहिले, हा माणूस माझा कुणी लागतच नाही असं तोंड करून. पण ह्यांचा तरी काय दोष? डेपोत रीतच तशी होती. सीट तयार झाली की कुणाला तरी त्यावर बसवायचं आणि तेवढं एकच विचारायचं. बोचते म्हणाला तर सगळं उसवून पुन्हा.

काम करताना हे शिट्टी वाजवायचे. गाणं असं कुठलं नाही, नुसतं वर-खाली. डेपोत ह्यांना नावच पडलं होतं, शिट्टी. घरीसुद्धा खिळा ठोकताना, नळ दुरुस्त करताना चालूच. मी किती वेळा म्हटलं असेल, अहो, कान किटले, बास करा. कशाला म्हटलं, असं आता वाटतं.

आठ महिन्यांपूर्वी साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकच्या सीटा आल्या, शिवायला काही उरलंच नाही, आणि ह्यांना नारळ मिळाला. घरी आले ते पलंगावर आडवे झाले. नजर पंख्याकडे. पंखा बंद असला तरी. भांडण काढलं तर उत्तर नाही, आणि मी अशी तोंडाळ, की समोरून दोन शब्द परत आले नाहीत तर मला अन्न गोड लागत नाही. हत्यारांचा पत्र्याचा डबा पलंगाखाली ढकलला तो ढकललाच. शिट्टी तर गेलीच. मला तेवढी एक परत हवी होती हो, बाकी काही नाही.

अशात लेकीला दुसऱ्या गावच्या दवाखान्यात एक्स-रे काढायची नोकरी लागली. तिच्यासाठी मी तीन महिने क्रोशाची पिशवी विणत होते, पिवळीधमक, निळ्या काठाची. शुक्रवारी पुरी झाली. लेकीने आत कंगवा, किल्ल्या, पाण्याची बाटली टाकली आणि खांद्याला लावून मिरवत निघाली. जिना उतरेपर्यंत कंगव्याचे दात जाळीतून बाहेर, किल्ली दोन पायऱ्या मागे, आणि पिशवी ताणून ताणून गुडघ्यापर्यंत. बाटली पायावर आपटत होती ती वेगळीच. अस्तराशिवाय गत्यंतर नव्हतं.

गल्लीतला शिंपी शाळेच्या गणवेशांत गळ्यापर्यंत बुडालेला. पंधरा दिवसांनी या म्हणाला. लेक रविवारी चारच्या बसने निघणार. माझ्या हातात क्रोशाची सुई नाचते, पण घरातल्या शिलाई मशीनशी माझं जुनं वैर आहे. मी हे सगळं तावातावाने लेकीला सांगत होते, तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"आण इकडे."

तीन महिन्यांची मेहनत आणि हे बसच्या सीटा शिवणारे. पण आठ महिन्यांत ह्यांनी पहिल्यांदा काही मागितलं होतं. मुकाट्याने दिली. लेकीला दटावलं, कशीही होवो, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. हे तिला मी सांगावं, ह्याचंच तिला हसू फुटलं.

शनिवारी डबा बाहेर आला. निळं, पांढऱ्या ठिपक्यांचं सुती कापड मी आणून ठेवलं होतं. ह्यांनी पिशवीत चक्क माझी उशी कोंबली. रिकाम्या पिशवीचं माप घ्यायचं नसतं, म्हणे, भरली की ती वेगळीच होते. मग खडूने कापडावर रेघा मारल्या आणि अस्तर पिशवीपेक्षा बोटभर लहान बेतलं. मी म्हटलं, कमी पडेल. तर म्हणाले, पडायलाच हवं, ओझं कापडाने उचलायचं, लोकरीने नाही. मी गप्प बसले. मी गप्प बसले, हे लेकीने तारखेसकट लिहून ठेवलंय.

रविवारी सकाळपर्यंत मशीनवरच्या दुहेरी टिपा मारून झाल्या. अस्तर पिशवीत घातलं, पिशवीला फुगवटा राहावा म्हणून उशी पुन्हा आत गेली, आणि हे वाकडी सुई घेऊन खिडकीशी बसले. पिशवीच्या तोंडाला गोल फिरत, अस्तराची घडी विणीला टाचत जायचं, एवढंच काम उरलं होतं. मी स्वयंपाकघरात. आणि साधारण बाराच्या सुमाराला मला ऐकू आलं. वर-खाली, वर-खाली.

मी हातातली पळी तशीच धरून उभी राहिले. लेक मोरीतून केस पुसत आली, तिला मी हाताने थोपवलं. आम्ही दोघी दाराआड चोरासारख्या उभ्या राहून शिट्टी ऐकत होतो. कुणी पाऊल टाकायचं नाही, कुणी खोकायचं नाही. भाजी लागली, लागू दिली. दोन तास आम्ही त्या खोलीत डोकावलो नाही, आणि घोटाळा झाला तो त्यामुळेच.

दोन वाजता शिट्टी मध्येच तुटली. मी आत धावले. हे पिशवी मांडीवर घेऊन बसलेले, चेहरा पांढरा. पिशवी सुंदर झाली होती. जाळीतून ठिपके डोकावत होते, टाका दिसेल तर शपथ. फक्त तिला तोंड नव्हतं. गोल फेरा संपला तरी ह्यांचे हात थांबलेच नव्हते. एकतीस वर्षांची सवय, चौथी बाजू बंद केल्याशिवाय हात ऐकतात थोडेच. आत माझी उशी, आणि दोन्ही बाजूंना खांद्याला लावायचे दोन बंद, लोंबत्या कानांसारखे.

ह्यांनी सुई डब्यात ठेवली. झाकण लावलं. डबा पायाने पलंगाखाली सरकवला आणि म्हणाले, "माझे हात आता काही कामाचे राहिले नाहीत."

बस सुटायला दोन तास. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण तो डबा पलंगाखाली जाताना बघितला आणि मला काय सुचलं कुणास ठाऊक. पिशवी उचलली, खुर्चीवर आपटली आणि वर ठाण मांडून बसले.

"चला," मी म्हटलं, "बस सोडा. मला जागा मिळाली."

लेक माझीच. ओल्या केसांनी आली, माझ्या शेजारी वरचा दांडा पकडल्यासारखा हात करून डुलत उभी राहिली आणि म्हणाली, "ओ आजी, जरा सरकून घ्या."

हे बघतच राहिले. आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे, मग मी बसले होते तिकडे. आणि अगदी हळू, सवयीने, तोंडातून आपोआप आलं. "शिवण बोचते का?"

मी इकडे-तिकडे सरकून नीट बघितलं. थट्टेत खोटं बोलायची ही गोष्ट नव्हती.

"नाही हो. अजिबात नाही."

त्यावर ह्यांना जे हसू फुटलं! खुर्चीला धरून हसले, खाली बसून हसले, डोळ्यांतून पाणी. लेकीची मुरकुंडी वळली, मी सीट सोडायला तयार नाही, आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू काय झालं म्हणून दारात. त्यांना सांगायला जावं तर शब्द फुटेना. मग ह्यांनीच डबा ओढून बाहेर काढला आणि मला म्हणाले, ऊठ, तुझा स्टॉप आला. अर्ध्या तासात तोंड उसवून मोकळं केलं, उशी माझ्या हवाली केली. अख्खा वेळ शिट्टी चालू. चारची बस लेकीने धावत पकडली, खांद्याला पिशवी, आणि एक किल्ली खाली पडली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. खोली बरी आहे, खिडकीला उजेड आहे, सामान मात्र काहीच नाही, साधी खुर्चीसुद्धा नाही. मी कळवळले, मग बसतेस कशावर गं? तिने सगळे कपडे पिशवीत कोंबले होते, बंदांची गाठ मारली होती आणि त्यावर बसूनच ती बोलत होती. ह्यांनी माझ्या हातून फोन घेतला. विचारायला तोंड उघडलं, मी शेजारी कान लावून होते.

"बाबा," ती आपणहून म्हणाली, "शिवण बोचत नाही."

ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि आतल्या खोलीत गेले. आतून वर-खाली, वर-खाली सुरू झालं. मी लेकीला म्हटलं, थांब, बोलू नकोस, आणि फोन दाराशी नेऊन धरला.