नवरीकडची गाणी

दुष्काळ सरला त्या वर्षी लग्नातली गाणी टेप करायला मी धुळ्याहून सातपुड्यातल्या एका पाड्यावर गेलो. तिथली एक म्हातारी गायला बसली. एक ओळ म्हणायची, हात गुडघ्यावर ठेवायची आणि समोरच्या मोकळ्या जागेकडे बघत थांबायची. मग पुढची ओळ.

"अक्का, मधेच का थांबता?"

"मी नवरीकडनी शे. समोरनी नवरदेवकडनी बाई टोमना मारस, मंग मी उत्तर देस."

समोर बसणारी तिची जोडीदारीण दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता गेली होती. कागदावर ऊन लागलं असं लिहिलं गेलं. मी त्याला भूकच म्हणतो.

"मग तिच्या ओळीही तुम्हीच म्हणा. पाठ असतील ना?"

"पाठ शेतस. पन मीच माले टोमना मारू? याडा शे का तू?" ती हसली आणि पुन्हा समोर बघत राहिली.

धुळ्यात टेप ऐकून एक प्राध्यापक म्हणाले, "मधली शांतता कापून टाका, गाणं सलग होईल."

मी साफ नकार दिला. त्या शांततेत कान लावला की म्हातारीचा श्वास ऐकू येतो. ती समोरून येणाऱ्या टोमण्याची वाट बघत असते.