सतरा नंबरचा खिळा

टपाल कचेरीच्या परदेशी विभागात तिला सगळे नंबरबाई म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. तिला त्याचा राग यायचा नाही. उलट कोणी नवीन माणूस पाठीमागे कुजबुजला तर वळून म्हणायची, "अहो, मोठ्याने म्हणा की! त्यात लाजायचं काय?" सव्वीस वर्षं ती एकाच टेबलापाशी उभी होती. समोर लाकडी खणांची भिंत, डाव्या हातात पाकिटांची चळत आणि उजवा हात मोकळा सुटलेला. मिनिटाला चाळीस पाकिटं खणांत पडायची. बाकीचे तीस पाकिटांतच धापा टाकायचे.

यामागचं गुपित अगदी साधं होतं आणि कोणी विचारो न विचारो, ती ते दिवसातून दोनदा सांगायची. नाव वाचायचंच नाही! "नाव वाचलं की माणूस डोळ्यापुढे येतो आणि माणूस आला की हात थांबतो. आपल्याला त्याच्याशी काय देणंघेणं? शेवटची ओळ बघा, नंबर बघा, टाका."

कचेरीतले नंबर कचेरीत ठेवून घरी यावं, तर तेही नाही. जुना नकाशासंग्रह फाडून तिने एकेक देश प्लायवूडवर चिकटवला होता आणि ती भलीमोठी फळी बाहेरच्या खोलीत उभी केली होती. प्रत्येक पिनकोडाच्या जागी एक बारीक खिळा. सगळ्यांत लहान नंबराच्या खिळ्याला दोरा बांधायचा आणि तो तसाच पुढच्या नंबराला, मग त्याच्या पुढच्याला, असा शेवटपर्यंत न्यायचा. मधे तोडायचा नाही. दोरा कुठून आणायचा हा प्रश्नच नव्हता, कारण नवरा शिंपी होता आणि त्याचं शिलाई मशीन त्याच खोलीत फळीसमोर होतं.

"अगं, माझं निळं रीळ कुठे गेलं?"

"फ्रान्समध्ये."

"अख्खं?"

"मग काय करू? त्यांनी जिल्ह्यांना नंबर दिलेत त्यांच्या मुळाक्षरांच्या क्रमाने. एक जिल्हा इकडे तर दुसरा पार तिकडे. दोरा नुसत्या उड्या मारतोय!"

दोऱ्यावरून देशाचा स्वभाव कळतो, असं तिचं ठाम मत होतं. आइसलंडचा दोरा राजधानीतून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने देशाला फेरी घालायचा, त्याला ती शहाणं बाळ म्हणायची. नॉर्वेचा दोरा खाली राजधानीत सुरू होऊन वळणं घेत घेत वर चढायचा आणि पार माथ्याशी जाऊन संपायचा. फ्रान्सकडे बघून ती रोज कपाळावर हात मारायची. नवरा म्हणायचा, लोकांच्या घरी भिंतीवर देखावे असतात, आमच्याकडे गुंते.

पण तिचा खरा राग होता तो स्वतःच्याच शहरावर. सोळा नंबर बाजाराच्या मागे, अठरा नंबर इस्पितळापाशी, आणि त्या दोघांच्या मधोमध असलेल्या तिच्या वस्तीला नंबर कुठला, तर एक्केचाळीस! वस्ती उशिरा वसली, तेव्हा यादीच्या शेवटी येणारा नंबर चिकटवून टाकला होता. त्यामुळे चाळीस नंबरच्या गिरणीपासून निघालेला दोरा अख्ख्या शहराच्या डोक्यावरून ओढत तिच्या घरापर्यंत आणावा लागायचा. सतरा नंबर मात्र रिकामा पडून होता. तो नदीकाठच्या धक्क्यावरच्या पोस्टाचा. नदी गाळाने भरली, होड्या थांबल्या आणि ते पोस्ट तीस वर्षांपूर्वी बंद झालं. आमच्या वस्तीला सतरा द्या, म्हणून तिने अर्ज केला, नकाशा जोडला, आणि चार वर्षं वरच्या कचेरीच्या मागे हात धुऊन लागली. शेवटी वरून उत्तर आलं, "तत्त्वतः मान्य." एवढ्यावर बाई हवेत! त्याच दिवशी तिने घराच्या जागी एक नवा पितळी खिळा ठोकला. नंबर लागू झाला की त्याला दोरा बांधायचा, असा बेत होता.

या गोष्टीला चार महिने झाले. अजून काही लागू झालं नव्हतं.

त्याच सुमारास घरात दुसरं एक घोंगडं भिजत पडलं होतं. मुलगी माशांच्या रोगांवर शिकली होती आणि तिने नॉर्वेच्या अगदी वरच्या टोकाला, एका संशोधन केंद्रात, दोन वर्षांच्या कामासाठी अर्ज केला होता. निवड झाल्याचं फोनवर कळलंही होतं. नेमणुकीचं शिक्क्याचं पत्र टपालाने येणार, त्यावर सही करून ते महिन्याच्या पंचवीस तारखेच्या आत परत पोचवायचं, नाहीतर जागा यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला. ते लोक सांगत होते पत्र पाठवलंय. इकडे पत्राचा पत्ता नाही. आज बारा तारीख होती.

नंबरबाईची पाळी पहाटे पाचला सुरू होऊन दुपारी एकला संपायची. दोनला तिघं जेवायला बसली.

"आज काय गंमत झाली माहितीये?" ती म्हणाली. "कोणीतरी पाकिटावर सतरा नंबर टाकलाय! अजून लागू नाही झाला आणि लोकांना दम निघेना. माझ्या नंबराची केवढी हवा झालीये बघा."

"मग काय केलंस त्याचं?" नवऱ्याने विचारलं.

"काय करणार? यादीत सतरा अजून बंदच आहे. टाकलं परतीच्या खणात. माझा नंबर म्हणून काय नियम मोडू?"

मुलगी ताटात नुसतं बोट फिरवत होती. "माझं आजही नाही ना आलं?"

"नाही गं. आलं असतं तर पोस्टमनने आणून दिलं नसतं का?"

जेवण झालं. हात पुसत ती सवयीने फळीपुढे जाऊन उभी राहिली. पितळी खिळा चकाकत होता. त्याच्याकडे कौतुकाने बघता बघता तिला एकदम आठवलं. चार महिन्यांपूर्वी मुलगी फॉर्म भरत होती. पत्त्याच्या रकान्याशी आली तशी आईने तिच्या हातातून पेन ओढून घेतलं होतं. "आण इकडे. या घरात पत्ता लिहिणारी एकच." आणि झोकात, वळणदार अक्षरात नंबर लिहिला होता. पत्र पोचेपर्यंत नवा नंबर लागू झालेला असणार, म्हणून तोच. सतरा!

सकाळी हसत हसत परत टाकलं ते पाकीट मुलीचं होतं.

परतीची थैली चारला बंद होते आणि साडेचारच्या गाडीने जाते. परतीचं टपाल पुढे बोटीने, त्यामुळे एकदा गेली की पाकीट नॉर्वेत पोचायला तीन आठवडे. घड्याळात अडीच वाजले होते. धावत सुटायला हवं होतं. पण ती खुर्चीवर बसली.

कारण दुसराही एक विचार तिच्या डोक्यात शिरला होता आणि हलायचं नाव घेत नव्हता. कोणाला कळणार होतं? टपालात पत्रं हरवतात. पोरगी चार दिवस रडेल, मग इथेच कुठेतरी काम बघेल, रोज संध्याकाळी घरी येईल, आईशी भांडेल. निवड झाल्यापासून ती तोंडाने "जा बाई, नाव काढ" म्हणत होती आणि मनातून पार खचली होती, हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आता काही करायचंही नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. एरवी तिला पाच मिनिटं गप्प बसणं जमायचं नाही, आज मात्र जमत होतं.

शेजारी नवऱ्याने मशीनवरचं काम बाजूला सारलं आणि आतून कोट आणला. चार महिने ग्राहकांची कामं सांभाळून शिवलेला, दुहेरी अस्तराचा, जाडजूड लोकरी कोट. इथल्या हवेत नुसता बघितला तरी घाम फुटावा असा. आतल्या खिशाला त्याने चोरून आणखी एक खिसा लावला होता, थंडीत बोटं गारठली तर म्हणून.

"ये, शेवटची बटणं बघू," तो मुलीला म्हणाला.

मुलीने कोटावरून हात फिरवला. "बाबा, राहू द्या आता. विकून टाका कुणाला तरी."

त्याने ब्रश घेतला आणि जिथे धूळ नव्हती तिथे झटकत बसला.

नंबरबाईने ते बघितलं आणि तिला स्वतःची अशी लाज वाटली की ती ताडकन उठली. "सायकल कुठेय?" एवढंच म्हणाली आणि चपला उलट्यासुलट्या अडकवून निघाली.

कचेरीत पोचली तेव्हा साडेतीन झाले होते. साहेब चष्मा कपाळावर चढवून चहा पीत होते. भला माणूस, पण नियमाचा पक्का.

"थैली आज लवकर बंद केली, बाई. सील लागलं."

"तोडा."

"असं कसं तोडा? सॉर्टरची चूक असेल तरच तोडता येतं, तीही लेखी. आणि तुमच्या सेवापुस्तकात शेरा पडेल. सव्वीस वर्षांत तुमचा तो रकाना कोरा आहे. अख्ख्या कचेरीत एकटा!"

"कागद द्या."

सगळी हकीकत ऐकून साहेबांनी चष्मा डोळ्यांवर आणला. "पण यात तुमची चूक कुठे? बंद नंबर परत टाकायचा, नियमच आहे. पत्ता लिहिणाऱ्याची चूक असं लिहू या."

"पत्ता लिहिणारीही मीच आणि टाकणारीही मीच, साहेब. त्या पाकिटावर माझ्या पोरीचं नाव होतं, माझी गल्ली होती, घराचा नंबर होता. वाचलं असतं तर पोचलं असतं. मी वाचलंच नाही." आणि तिने कागदावर तेवढंच लिहिलं: पत्ता न वाचता पाकीट परत टाकले. खाली सही.

सील तुटलं. दीड-दोनशे पाकिटं टेबलावर ओतली. सगळ्यांवर परतीचा एकसारखा शिक्का, तोही नेमका नंबरावरच मारलेला, त्यामुळे नंबरांचा इथे काही उपयोग नव्हता. नावं वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं आणि मिनिटाला चाळीसवाली बाई एकेक नाव बोट ठेवून वाचायला लागली. कोणा मामाला पाठवलेलं, कोणा आजोबांना, एका डॉक्टरला, एका बालवाडीला. इतकी माणसं आपण रोज परत पाठवतो, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. चारला सात मिनिटं असताना मुलीचं नाव सापडलं. तिने ते पाकीट छातीशी धरलं, मग एक्केचाळीसच्या खणात ठेवलं. पाकीट खिशात घालून घरी नेता येत नाही, ते पोस्टमननेच न्यायचं असतं.

घरी येऊन तिने सगळं सांगितलं. मुलीने टाळ्या पिटल्या, वडिलांना मिठी मारली, कोट अंगात चढवला आणि घामाने निथळली. तरी आईचा चेहरा उतरलेलाच.

"आणखी एक आहे," ती म्हणाली. "मला लगेच कळलं होतं. अर्धा-पाऊण तास मी मुद्दाम बसून राहिले. वाटलं, जाऊच दे पत्र. तू गेलीस की मला करमणार नाही गं."

मुलगी मग कोटासकट तिच्या गळ्यात पडली. "पाऊणच तास? मी तुझ्या जागी असते तर साडेचारपर्यंत बसले असते!"

पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला आलं, सही होऊन दुपारच्या विमान टपालाने गेलं आणि वेळेत पोचलं. महिन्याभराने मुलगीही गेली. कोट काही केल्या बॅगेत मावेना, म्हणून अंगावर घालून गेली.

नंतर वरच्या कचेरीतून नंबरबाईला विचारणा झाली की सतरा नंबरची फाईल पुन्हा वर घ्यायची का. तिने कळवलं, नको. लेकीला एक्केचाळीस तोंडपाठ आहे. पितळी खिळा तिने उपटला, नवऱ्याने तो मशीनशेजारी भिंतीत ठोकून त्यावर कात्री टांगायची सोय केली.

"बाई, हात मंदावलाय तुमचा," एक दिवस साहेब म्हणाले. "अठ्ठावीसवर आलात."

"वाचते ना, साहेब."

आणि मग एका मंगळवारी नॉर्वेची थैली उघडली. बाराव्या की तेराव्या पाकिटावर तिचा हात थांबला. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक्केचाळीस, कारण बाकी जागाच उरली नव्हती. नावगाव लिहिलं होतं, पण त्याच्याही वर, पाकिटाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, दोनच अक्षरं होती. आई.

"घ्या की पर्समध्ये," शेजारची सॉर्टर म्हणाली. "कोण बघतंय?"

तिने पाकीट एक्केचाळीसच्या खणात ठेवलं. पाळी संपेपर्यंत तिकडे चार वेळा बघितलं.

घरी आली तर मशीन चालू होतं. नवऱ्याने मान वर न करता रोजच्यासारखं विचारलं, "आलं का काही?"

"आलं. उद्या साडेदहाला मिळेल."

मशीन थांबलं. "काय लिहिलंय?"

"आई," ती म्हणाली. "सध्या तेवढंच वाचलंय."