पांढरीतली चूल

गावाबाहेर जुन्या वस्तीच्या टेकाडावर, म्हणजे पांढरीवर, उत्खनन चालू आहे. सगळे राजवाड्याची वाट बघत होते. काल निघाली ती एक काळवंडलेली चूल. सरपंचांचा चेहरा पडला.

"म्याडम, फोडून टाका ही. खाली राजा असंल."

पथकप्रमुख बाई हसल्या. "राजा उपाशीच लढायचा का, सरपंच?"

घमेली वाहणाऱ्या बायकांत खसखस पिकली. मी मात्र त्या राखेकडे बघत राहिलो. किती सिंहासनांचा जयजयकार केला आपण, आणि भाकरी थापणाऱ्या हातांसाठी एकही घोषणा नाही! इतिहास इथूनही सुरू होतो, धुरात डोळे चोळत.

"ऱ्हाऊ द्या मग," सरपंच पुटपुटले आणि जवळून बघायला खड्ड्यात उतरले. उतरण्याआधी त्यांनी चपला काठावर काढून ठेवल्या.