राणीचा कौल

आमच्या महाडातले एक निवृत्त इंजिनिअर गिन्न्या जमवतात. इंग्रजांच्या राणीच्या, एकोणिसाव्या शतकातल्या, सोन्याच्या. पाहुण्याला चहाआधी हातमोजे मिळतात. मखमली पेटीत एकच खण रिकामा होता, आणि त्याविषयी ते घरातलं कोणी गेल्यासारखं बोलत. त्या सालाची गिन्नी पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत असल्याचं कळताच ते मला घेऊन निघाले. आंबेनळी घाटाच्या वळणांवर मला नाणेशास्त्र आणि अंधश्रद्धा असे दोन्ही विषय ऐकावे लागले. दुसऱ्यावर ते व्याख्यानंही देतात.

गिन्नी खरंच होती. एका म्हातारीच्या देव्हाऱ्यात, कुळदेवतेच्या टाकाशेजारी, वाटीभर तांदळात उभी. आजेसासऱ्याने मुंबईहून आणली, सोनं म्हणजे लक्ष्मी म्हणून देवांत ठेवली, आणि तेव्हापासून घरातल्या सुना तिला हळदीकुंकू वाहत आल्या. राणीचं नाक कुंकवात बुडालं होतं. साहेबांनी भिंगातून साल वाचलं आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

विकायला म्हातारीची ना नव्हती. पण देव्हाऱ्यातला देव त्याला विचारल्याशिवाय हलवत नाहीत. कौल लावावा लागतो. "तिची मर्जी असंल तर न्या, साहेब. माझं काय हाय त्यात?"

ओल्या तांदळाचे दोन दाणे राणीच्या चेहऱ्याच्या दोन बाजूंना चिकटवले गेले. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. अंधश्रद्धेवरचे व्याख्याते डोक्याला रुमाल बांधून, हात जोडून बसले. जिच्या घराण्याचं राज्य घालवायला आपले आजोबा तुरुंगात गेले असं ते दर पंधरा ऑगस्टला सांगतात, तिच्यापुढे त्यांचे ओठ हलत होते.

डावा पडला.

"त्या दाण्याला पाणी कमी लागलं होतं," ते म्हणाले. शेवटी इंजिनिअरच. "पुन्हा लावून बघू, मावशी."

"घासाघीस तिला चालत नाय, साहेब. आता पुढल्या दसऱ्याला नारळ घेऊन या."

परतताना पोलादपुरात त्यांनी चहा घेतला. मग म्हणाले, नाणं बहुतेक बनावट असावं.

तरी दसऱ्याला नारळ घेऊन ते वाडीवर गेले. आता दरवर्षी जातात. याला ते पाठपुरावा म्हणतात. यंदा वाडीवरून परत आले तेव्हा कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, आणि खण रिकामाच. त्याच आठवड्यातलं त्यांचं अंधश्रद्धेवरचं व्याख्यान नेहमीसारखं रंगलं.