साउंड कार्डाला लावलेलं भस्म

परळीत आमचं लोखंडी सामानाचं दुकान. खिळे, साखळ्या, बादल्या आणि ऊसतोडीचे कोयते. मागच्या खोलीत माझा सुटे भाग जोडून बनवलेला कॉम्प्युटर, आणि त्यात मी हौसेनं लिनक्स घातलेलं. पडद्यावर सगळं दिसायचं, पण आवाज म्हणाल तर ढिम्म. साउंड कार्ड चालवणारा ड्रायव्हर, म्हणजे मधल्या मधे दुभाष्याचं काम करणारा छोटा प्रोग्रॅम, त्या कार्डासाठी कुणी लिहिलेलाच नव्हता.

मला पुण्याला जाऊन हेच कॉम्प्युटरचं काम करायचं होतं. अप्पा, माझे वडील, म्हणाले, "दिवाळीपोतर ह्ये मुकं बोलतं कर. बोललं तर जा पुन्याला. न्हाई तर गुमान दुकानावर बस."

मी तावातावानं हो म्हटलं. तावात आलो की मी कशालाही हो म्हणतो.

परदेशात एक गृहस्थ असे ड्रायव्हर फुकट लिहून वाटायचे. त्यांना ईमेल करायला मी एसटीनं अंबाजोगाईचा सायबर कॅफे गाठायचो. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं: कार्डावरच्या मोठ्या चिपवर कोणता नंबर कोरलाय? तो कळल्याशिवाय माझा इलाज नाही.

नंबर होता, पण काळ्यावर काळा. भिंग लावलं, बॅटरी मारली, गच्चीवर उन्हात तिरकं धरलं. रॉकेलनं पुसलं, तर कार्डाला रॉकेलचा वास लागला. नंबर काही दिसेना.

अशात खंडेनवमी आली. अप्पांनी तराजू, हातोडे आणि नवे कोयते पाटावर मांडून पूजा केली. मी आंघोळ करून आलो तर कोयत्यांच्या शेजारी माझं साउंड कार्ड! त्यावर फूल, हळदकुंकू, आणि चिपवर तीन बोटांनी ओढलेलं भस्म.

"अप्पा, ह्ये काय केलंत?" मी किंचाळलोच.

"कावून? हत्यार न्हाई व्हय ते?"

"मंग वरच्या डब्ब्याला लावायचं की!"

"डब्बा काय काम करतो का? काम करनाऱ्याला लावलं."

मी नको नको ते बोललो. सणाच्या दिवशी, लुंगीवर, ओल्या डोक्यानं. अडाणीपणा हा शब्दही माझ्या तोंडून गेला. अप्पा घंटी पुसत राहिले. मी रागारागानं चिपवरून अंगठा फिरवला. वरचं भस्म निघालं आणि कोरलेल्या रेघांत बसलेलं तेवढं राहिलं. काळ्या चिपवर पांढरा शुभ्र नंबर, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायचं सोडून मी म्हणालो, "कागद कुठंय?" अप्पांनी खिशातलं पेन काढून दिलं.

पुढचे पंधरा दिवस ते गृहस्थ प्रोग्रॅम धाडत, मी तो फ्लॉपीवर आणून चालवत असे आणि काय ऐकू आलं ते त्यांना कळवत असे. पहिल्यांदा गिरणीचा पट्टा सुटल्यासारखा आवाज आला. तसं मी कळवलं. त्यांनी विचारलं, गिरणीचा पट्टा सुटल्यावर आवाज कसा येतो? मी पानभर वर्णन केलं. नंबर कसा वाचला हेही त्यांनी विचारलं होतं. मी लिहिलं, वडिलांच्या खास पद्धतीनं. अडाणी म्हटलं होतं ते अर्थातच लिहिलं नाही.

वसुबारसेच्या सकाळी कार्डातून स्वच्छ सनई निघाली. मी उड्या मारल्या, जिंकलो म्हणून ओरडलो. अप्पा गिऱ्हाईक तसंच सोडून आत आले. सनई संपेपर्यंत दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले.

"बोललं की रं," ते म्हणाले. "म्हंजी तू जानार."

मी जिंकलो तर हरणार कोण, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग अप्पांनी विचारलं, "पुनं लई लांब हाय का रं?"

अप्पा दरसाल माल आणायला पुण्यालाच जात.