माळवदावर माती टाकणारे चिटणीस

गुरुसिद्धप्पा भाव करताना समोरच्याला बसायला सांगत नसत. मी ठेकेदार, दगडमातीत हात घालून वर आलेला. मीही उभ्यानेच भांडत असे. शुक्रवार पेठेतल्या जुन्या धर्मशाळेचे ते चिटणीस. कपाळावर विभूती, आवाज मऊ, आणि माझ्या प्रत्येक आकड्यावर एकच उत्तर : "संस्थेचं काम हाय. पुण्य धरा की त्यात."

धर्मशाळेच्या मोठ्या खोलीवर लाकडी तुळयांवरचं मातीचं माळवद होतं. गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात त्यावर पांढरी माती पसरायची. जुनी खरवडायची, मग नवी टाकायची, ही खरी रीत. संस्थेत मात्र वर्षानुवर्षं थरावर थर चढत होता. मी वर जाऊन पाहिलं आणि खाली येऊन वाकलेली तुळई दाखवली.

"अप्पा, आधी ओझं उतरवा. नाहीतर हे खाली येणार."

"कळतंय की मला. पण माती टाकणं देखभालीत येतं, ते माझ्या सहीनं होतं. काढणं म्हणजे दुरुस्ती. दुरुस्तीला सभा लागते. सभा भरली की लोक मागचंबी उकरतात."

त्यांना खरंच कळत होतं. स्वतःचं टेबल त्यांनी केव्हाच दगडी कमानीखाली नेलं होतं. त्या खोलीत राहायचा होटगीचा पहारेकरी सिद्राम आणि त्याची बायको. त्याच्यादेखतच मी आवाज चढवला, "निदान या दोघांना तरी ओवरीत झोपू द्या!"

अप्पा हसले. "ओवरी यात्रेकरूंची हाय. काय रे सिद्राम, भ्या वाटतंय व्हय? वाटत असंल तर जा गावाकडं. पहारेकरी लई मिळतात."

सिद्राम "न्हाय अप्पा" म्हणाला.

मी काम नाकारलं. त्यांनी दुसऱ्याकडून माती टाकून घेतली. त्याच पावसाळ्यात माळवद कोसळलं. सिद्राम फाटकाशी होता. बायको चुलीपुढे होती. ती गेली.

आता मात्र सभा भरली. दुखवट्याचा ठराव अप्पांनीच मांडला, डोळे पुसले आणि म्हणाले, "छपराची पाहणी या ठेकेदारांनी केली होती. धोका असता तर ते बोलले नसते का?"

"सिद्रामला विचारा!" मी ओरडलो.

सगळे सिद्रामकडे वळले. आदल्याच दिवशी त्याला ओवरीतली खोली मिळाली होती. नोकरीही राहिली होती.

"छपराचं कुणी काय बोललं न्हाय," तो म्हणाला.

बाहेर चपला घालताना अप्पा शेजारी आले. "रागावू नका हो. आता स्लॅब मंजूर झालाय. तुमाला तर आता पेठेत कोण काम देणार? भाव उतरवून द्याल की?"

मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते मान खाली घालून ऐकत राहिले, कारण लोक पाहत होते. लोकांना दिसला तो चोराचा संताप.

अप्पा पुढे म्हातारे होऊन झोपेत गेले. ती बातमी मला टेंभुर्णीत कळली. तिथे मी एका गोदामाच्या भिंती बांधत होतो. फक्त भिंती, छताचं काम मालकाने दुसऱ्याला दिलं होतं.